जुना पुश बार दुसऱ्या मॉडेलच्या गाडीला बसवताना मापातला फरक कसा भरून काढावा?

चिखलवाट (प्रश्न)

माझी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी शिडीसारख्या स्वतंत्र चॅसीची आहे. तिच्यासाठी मी एक वापरलेला पुश बार (गाडीच्या पुढच्या बाजूला बसवायची पोलादी नळ्यांची चौकट) घेतला असून तो मूळचा दुसऱ्याच मॉडेलचा आहे. बारच्या दोन्ही पायांना उभे जाड पत्रे जोडलेले आहेत आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूंमधले अंतर ६८० मिमी भरते. माझ्या चॅसीच्या दोन्ही रेलच्या (लांबीच्या दिशेने जाणाऱ्या तुळयांच्या) आतल्या बाजूंमधले अंतर मात्र ७२० मिमी आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला २० मिमीची फट राहते. एकाने ती फट वॉशर भरून काढण्यास सांगितले, दुसऱ्याने बार सरळ चॅसीलाच वेल्ड करण्याचा सल्ला दिला. झाडोऱ्यातून जाताना पुढचा भाग वाचावा आणि चिखलात रुतलेली सोबतची गाडी हळूहळू ढकलता यावी, एवढाच माझा उपयोग आहे. यांपैकी कोणता मार्ग धरावा?

टॉर्कपाना

दोन्ही मार्ग सोडून द्यावेत, असे माझे मत आहे. वॉशरची चळत भरली की बोल्टला मधल्या २० मिमीत कोणाचाच आधार राहत नाही आणि ढकलताना येणारे बळ त्याला वाकवू लागते. बोल्टचे खरे काम दोन पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट दाबून धरण्याचे असते, कारण जोड मुख्यतः त्या दाबातून होणाऱ्या घर्षणावर टिकतो. ८.८ या ताकदीच्या दर्जाचा एम१२ (१२ मिमी व्यासाचा) बोल्ट कोरड्या आट्यांवर ८० न्यूटन-मीटरपर्यंत आवळला, तर तो सुमारे तीन टनांच्या वजनाइतक्या बळाने पत्रे दाबतो, पण हा दाब पोचण्यासाठी मधला भाग भरीव हवा. म्हणून बारच्या पायाच्या पत्र्याएवढ्याच लांबी-रुंदीचा २० मिमी जाडीचा पोलादी ठोकळा कापून घ्यावा आणि तो पाय व रेल यांच्यामध्ये बसवावा. दोन्ही पाय बोल्टने ओढून रेलला टेकवण्याचा मोह अनेकांना होतो, पण तसे केल्यास बारमध्ये कायमचा ताण राहतो आणि काही महिन्यांनी वेल्डच्या कडेला चीर दिसू लागते.

चॅसीला वेल्ड न करण्याचे कारण वेगळे आहे. चॅसीचे पोलाद अनेकदा उच्च ताकदीचे असते आणि वेल्डच्या उष्णतेने कडेचा पट्टा मूळ गुणधर्म गमावतो, त्यामुळे पुढे धक्के बसत राहिले की रेल तिथूनच फाटते. शिवाय रेलच्या टोकाशी असलेल्या खाचा किंवा वळ्या धडकेच्या वेळी ठरावीक पद्धतीने चुरगळण्यासाठी ठेवलेल्या असतात. तिथे वेल्ड करू नये, भोकही पाडू नये. टो हुकसाठी उत्पादकाने दिलेली भोके असतील, तर ती आधी वापरावीत.

या सगळ्याच्या आधी बार सपाट फरशीवर ठेवून त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. वापरलेला बार कशावर तरी आदळलेला असण्याची शक्यता नेहमीच असते आणि रंगाचा नवा थर ती गोष्ट चांगलीच लपवतो.

गंजखोर

वरच्या उत्तरात एका गोष्टीची भर घालतो, कारण ती मला नुकसान सोसून कळली. माझ्या गाडीची रेल पेटीसारखी पोकळ होती आणि मी बोल्ट तिच्या आरपार घालून लांब पान्याने जोर लावून आवळला. पाना फिरत राहिला, मला वाटले की बोल्ट छान बसतो आहे, आणि प्रत्यक्षात रेलच्या दोन्ही भिंती आत दबत होत्या. त्या खळग्यामुळे पुढे कितीही आवळले तरी जोड दर आठवड्याला सैल व्हायचा. पोकळ रेलमध्ये बोल्टभोवती रेलच्या आतल्या रुंदीएवढी जाड नळी बसवावी लागते, म्हणजे भिंतींऐवजी ती नळी दाब सहन करते. नळी हवी त्यापेक्षा एखादा मिमी आखूड झाली तरी तिचा उपयोग उरत नाही.

ठोकळ्याला रंगाचे जाड थर देऊ नयेत, कारण रंग दबत जातो आणि बोल्टचा ताण कमी होतो. एकमेकांना टेकणाऱ्या बाजूंवर जस्तयुक्त प्रायमरचा पातळ हात पुरेसा आहे. आत नायलॉनचे कडे असलेले नट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत, आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने (ठरावीक जोरापर्यंत आवळता येणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासावेत.

साधासरळ

गाडीला एअरबॅग असतील, तर त्यांचे पुढचे सेन्सर बहुधा रेडिएटरच्या चौकटीजवळ असतात आणि मूळ बंपर कसा चुरगळतो त्यानुसार त्यांचे गणित बसवलेले असते. चॅसीला घट्ट धरलेला बार ते गणित बदलतो. आपल्या मॉडेलसाठी चाचणी झालेला बार नसेल, तर ही जोखीम कोणत्याही ठोकळ्याने कमी होत नाही. पादचाऱ्यांना होणाऱ्या इजेमुळे सार्वजनिक रस्त्यावर अशा बारवर अनेक ठिकाणी निर्बंध आहेत, तेही आधी पाहावे. आणि कृपया या बारला ओढण्याचा पट्टा कधीही अडकवू नका. रुतलेली गाडी ओढताना नळीचा वेल्ड सुटला, तर तो तुकडा गोळीसारखा मागे येतो.

चिखलवाट

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे बार फरशीवर ठेवून मोजला, तेव्हा कर्णांमध्ये ७ मिमीचा फरक आढळला आणि डावा पाय किंचित आत झुकलेला दिसला. त्याच्या मुळाशी तारेच्या ब्रशने रंग काढल्यावर वेल्डच्या कडेला केसासारखी रेघ उघडी पडली. ती चीर आहे की रंगाचा ओरखडा, हे कसे ओळखावे? आणि चीर असेल, तर बार वाचवता येईल का?

टॉर्कपाना

ती जागा ब्रेक क्लीनरने स्वच्छ करून भेदक रंग (बारीक चिरेत मुरणारा लाल रंग) लावावा, दहा-पंधरा मिनिटांनी वरचा रंग पुसून पांढरा डेव्हलपर (मुरलेला रंग बाहेर शोषून घेणारी भुकटी) फवारावा. चीर असेल, तर तिच्यात मुरलेला रंग पांढऱ्या थरावर लाल रेघ होऊन उमटतो. ओरखडा असेल, तर बहुधा काहीच दिसत नाही. चीर निघाल्यास तिच्या दोन्ही टोकांना ३ मिमीची भोके पाडावीत म्हणजे ती पुढे सरकणार नाही, नंतर ग्राइंडरने ती तळापर्यंत खोदून पुन्हा वेल्ड भरावा आणि कोपऱ्याला त्रिकोणी आधारपट्टी द्यावी. पाय सरळ करण्याचे काम वेल्ड भरण्याआधी करावे. बारवर क्रोमचा मुलामा असेल, तर तो वेल्डच्या जागेवरून पूर्ण काढावा, कारण त्याचा धूर विषारी असतो.

मात्र त्याआधी खालच्या नळीवर सगळीकडे छोट्या हातोडीने ठोकून पाहावे. चांगली नळी खणखणते. आवाज बद्द येत असेल किंवा पाणी निघून जाण्याच्या भोकातून तपकिरी भुकटी पडत असेल, तर नळी आतून खाल्ली गेली आहे. अशा बारवर वेल्डिंगचा खर्च करू नये, तो भंगारात द्यावा.