मदत हवी आहे: जूनमध्ये आईबाबांना घेऊन मेक्सिकोतल्या बेटावर (इस्ला मुहेरेस, कोसुमेल की ओल्बोश?)

मोगरा_ह्यूस्टन:
नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मेक्सिकोतल्या एखाद्या बेटावर चार-पाच दिवस निवांत राहायचं ठरतंय. आम्ही पाच जण आहोत: मी, नवरा, सात वर्षांची मुलगी (जन्म इथला, अमेरिकेतलाच) आणि मेमध्ये पुण्याहून बी-२ (पर्यटक) व्हिसावर येणारे आईबाबा.

आईचा समुद्रावर फार जीव, पण तिला पोहता येत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायला मिळालं तरी तिचा दिवस छान जातो. बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. ते चालतात, पण पुष्कळ जिने किंवा वाळूतली लांबलचक चाल नको. आई पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबांना मात्र रोज मासे मिळाले तर हवेच आहेत.

मनगटाला पट्टा बांधून एकाच हॉटेलात बसून राहायचं नाहीये. लहान गाव, पायी फिरण्यासारखे रस्ते आणि शांत पाणी हवं. कोणतं बेट घ्यावं? किनाऱ्यावर समुद्री शेवाळ येऊन पडतं असं ऐकलंय, ते जूनमध्ये कितपत असतं? आणि शाकाहारी माणसाचं तिथे काय होतं? आईची ही परदेशातल्या समुद्रावरची पहिलीच वेळ, म्हणून नीट विचारून ठरवायचंय.

समुद्रपक्षी:
इस्ला मुहेरेस. तुमच्या घरासाठी मी दुसऱ्या कशाचा विचारही करणार नाही.

कारण आधी पाण्याचं सांगतो. या बेटाच्या उत्तर टोकाला प्लाया नोर्ते नावाचा किनारा आहे. पांढरी बारीक वाळू, तळ सपाट आणि पाणी बराच आतपर्यंत गुडघा ते कमरेएवढंच. लाटा जवळजवळ नसतात. पोहता न येणाऱ्या माणसाला समुद्रात इतकं निर्धास्त उभं राहता येईल असे किनारे फार नाहीत. तुमच्या आई तिथून बाहेर यायला तयार होणार नाहीत!

आता शेवाळ. त्याचं नाव सारगासम. २०११ पासून अटलांटिकमधून त्याचे प्रचंड पट्टे कॅरिबियनमध्ये येऊ लागले, आणि साधारण एप्रिल ते ऑगस्ट हा त्याचा जोराचा काळ. म्हणजे जूनचा शेवट ऐन हंगामातच आला. ते वारा आणि प्रवाहाबरोबर पूर्वेकडून येतं, त्यामुळे पूर्वेला तोंड असलेले किनारे भरतात. कान्कुनचा हॉटेलांचा पट्टा, प्लाया देल कार्मेन, तुलुम हे सगळे त्या माऱ्यात येतात. किनाऱ्यावर कुजायला लागलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. प्लाया नोर्तेचं तोंड उत्तर-पश्चिमेला असल्याने तिथे ते कमी पोचतं. कधीच येत नाही असं नाही, पण शेजारच्या किनाऱ्यांपेक्षा फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो. साउथ फ्लोरिडा विद्यापीठ उपग्रहावरून शेवाळाचे नकाशे काढतं, ते निघण्याआधी पाहून ठेवा.

कोसुमेलची पश्चिम बाजूही शेवाळापासून बरीच वाचते आणि तिथली प्रवाळं अप्रतिम आहेत. पण त्या बाजूला पुष्कळ ठिकाणी टोकदार चुनखडीचा खडक आहे, पाण्यात शिडीवरून उतरावं लागतं. पाण्याखाली मुखवटा लावून पाहणाऱ्यांसाठी कोसुमेल. पाण्यात नुसतं उभं राहायचं असेल आणि गुडघा दुखरा असेल, तर नको.

ओल्बोश मला मनापासून आवडतं, तरी या वेळी ते टाळा. रस्ते वाळूचे, जूनच्या पावसात डबकी साचतात आणि डास भरपूर. कान्कुनहून चिकिला या गावापर्यंत दोन-अडीच तासांचा रस्ता, मग पुढे बोट. तब्येतीचं काही निघालं तर मोठं हॉस्पिटल फार लांब पडतं.

काठावरची_अक्का:
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी थोडं राहण्या-जाण्याचं सांगते.

कान्कुनच्या विमानतळावरून पुएर्तो हुआरेसच्या बोटीच्या धक्क्यापर्यंत व्हॅन आधीच ठरवून ठेवा. एडीओ या कंपनीच्या बस चांगल्या असतात, पण त्या शहरातल्या स्थानकापर्यंत नेतात, पुढे पुन्हा टॅक्सी करावी लागते. पाच माणसं, सामान आणि दुखरा गुडघा असताना ती चढउतार नको. कस्टम्समधून बाहेर आलात की टॅक्सी, माहिती, मोफत सहल असं म्हणत लोक पुढे येतील. ते टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरांतला वाटा, विकणारे असतात. थांबू नका, सरळ इमारतीबाहेर जा, तुमचा चालक पाटी घेऊन तिथे उभा असेल.

पुएर्तो हुआरेसहून बोट साधारण दर अर्ध्या तासाला सुटते आणि वीसेक मिनिटांत पोचवते. वरच्या मजल्यावर वारा छान लागतो, पण जिना चढावा लागतो. बाबांना खालीच बसवा. पलीकडे उतरल्यावर तीनचाकी हातगाडीवाले सामान हॉटेलपर्यंत नेतात. पैसे आधी ठरवा. टॅक्सीच्या दरांचा फलकही धक्क्यावर असतो.

राहायला गावातच, म्हणजे सेंत्रोत जागा बघा. तिथून प्लाया नोर्ते पायी जाता येतं आणि इदाल्गो रस्त्यावर संध्याकाळी जेवायला बाहेर पडलं की गाड्यांची कटकट नसते. दोन गोष्टी हॉटेलला लिहून विचारा: खोली तळमजल्यावर आहे का किंवा लिफ्ट आहे का, आणि एसी आहे का. बरीच लहान हॉटेलं तीन मजली असून बिनलिफ्टची आहेत. जूनमध्ये तिथे मे महिन्यातल्या रत्नागिरीसारखा उकाडा असतो, एसीवाचून झोप लागणार नाही.

एक दिवस गोल्फ कार्ट भाड्याने घ्या. बेट लांबीला सात-आठ किलोमीटरच आहे, रमतगमत सगळं पाहून होतं. परवाना लागतो, आणि ताबा घेताना गाडीवरच्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा. दक्षिण टोकाला पुन्ता सुर आहे, तिथे सकाळी लवकर जा, दहानंतर ऊन सोसवत नाही. माया लोकांच्या इश्चेल देवीच्या देवळाचे अवशेष तिथे आहेत. बाळंतपण आणि औषधांची ही देवी. १५१७ मध्ये स्पॅनिश लोक आले तेव्हा त्यांना या बेटावर स्त्रीमूर्ती सापडल्या, बेटाचं नाव त्यावरून पडलं असं सांगतात. आईंना हे नक्की आवडेल. कड्याखाली उतरणाऱ्या पायऱ्या मात्र बाबांनी सोडाव्यात, वरूनही समुद्र सुंदर दिसतो.

बेटाच्या पूर्व बाजूला पाण्यात उतरू नका. तिथे खडक आणि ओढ दोन्ही आहेत. किनाऱ्यावर बावटे लावतात: हिरवा ठीक, पिवळा जपून, लाल धोका, काळा म्हणजे पाण्यात जायचंच नाही. लेकीला पहिल्याच दिवशी शिकवून ठेवा.

कोथिंबीर_लिंबू:
शाकाहाराबद्दल, कारण माझी सासूही तुमच्या आईसारखीच आहे आणि आम्हाला तिथे तिची उपासमार होऊ द्यायची नव्हती.

मुख्य अडचण मांसाची नाही, न दिसणाऱ्या गोष्टींची आहे. घोटलेला घेवडा, म्हणजे फ्रिहोलेस, पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. तिला मान्तेका म्हणतात. भात बऱ्याचदा कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असतो. म्हणून नुसतं 'व्हेजिटेरियन' सांगून भागत नाही. हे वाक्य फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन उएवो, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो'. मांस, कोंबडी, मासा, अंडं, चरबी आणि कोंबडीचा रस्सा, यातलं काही नको. लोक मनापासून मदत करतात, स्वयंपाकघरात जाऊन विचारून येतात.

निर्धास्त खाण्यासारखं: मक्याच्या तोर्तियाची (पोळीची) चीज घातलेली केसादिया, ग्वाकामोले म्हणजे अवोकाडोची चटणी, नोपाल म्हणजे निवडुंगाची भाजी, फळांचे कप. भाजलेलं कणीस, एलोते, अंड्याविना हवं असेल तर मेयोनेझ लावू नका म्हणून सांगा. मार्केसिता ही युकातानची कुरकुरीत गुंडाळी सगळ्यांना आवडते, पण तिच्या पिठात बहुतेक वेळा अंडं असतं. हाबानेरोची चटणी थेंबाने घ्या. आपण तिखट खातो म्हणून चमच्याने वाढून घेऊ नका.

बाबांसाठी तिकिन शिक विचारा. आचिओते (लाल रंगाच्या बियांचा मसाला) आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवलेला मासा केळीच्या पानात भाजतात. तो खाल्ल्याशिवाय बेट सोडू नका.

नळाचं पाणी प्यायचं नाही, दात घासायलाही बाटलीतलं घ्या.

पाटण_ते_प्लानो:
दोन-तीन कामाच्या गोष्टी. कार्डाच्या यंत्रावर डॉलर की पेसो विचारलं तर पेसो. एटीएमने त्यांच्या दराने रूपांतर करू का विचारलं तर नाही. बँकेचंच एटीएम वापरा. फाटक्या डॉलरच्या नोटा कोणी घेत नाही. बक्षिसी दहा ते पंधरा टक्के, पण बिलात आधीच लावली आहे का ते बघा.

सर्दीच्या गोळ्यांत सुडोएफेड्रिन असेल तर त्या नेऊ नका, मेक्सिकोत त्यावर बंदी आहे. आईबाबांची रोजची औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट, हातातल्या सामानात. आणि त्यांचा प्रवासविमा फक्त अमेरिकेपुरता आहे का ते तपासा. तिथली खाजगी हॉस्पिटलं उपचाराआधी पैसे भरायला सांगतात.

१ जूनपासून वादळांचा हंगाम सुरू होतो. तिकीट आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.

मोगरा_ह्यूस्टन:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! इस्ला मुहेरेस पक्कं. तळमजल्याचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं, आजच हॉटेलांना लिहिते.

नवऱ्याला देवमाशासारखे मोठे ठिपक्यांचे मासे बघायचे आहेत, व्हेल शार्क. ते जूनमध्ये दिसतात ना? लेकीला नेता येईल? आणि व्हिसाचं: आईबाबांच्या बी-२ वर मेक्सिकोत जाता येतं असं वाचलं. ते बरोबर आहे का?

समुद्रपक्षी:
व्हेल शार्कचा हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे वेळ बरोबर आहे. पण खुल्या समुद्रात बराच वेळ बोट हलते, पाणी खोल असतं. एका वेळी मार्गदर्शकासोबत दोघांनाच पाण्यात सोडतात, अंगात जॅकेट हवंच, सनस्क्रीन चालत नाही, माशाला हात लावायचा नाही. नवऱ्याने एकट्याने जावं, तुम्ही बाकीच्यांनी प्लाया नोर्तेवर राहावं. सात वर्षांच्या मुलीला मी नेणार नाही. एरवीही सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे घ्या, प्रवाळासाठीही ते बरं.

काठावरची_अक्का:
व्हिसाचं बरोबर आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. फक्त तो अनेक प्रवेशांचा आहे ना, बघून घ्या. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवा. तीस दिवसांच्या आत परत आलं की सहसा आईबाबांची आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेतल्या मुक्कामाच्या नोंदीची, जुनीच मुदत पुढे चालते, पण परतल्यावर संकेतस्थळावर तारीख तपासा. लेकीला पासपोर्टची पुस्तिका हवी, विमानाला पासपोर्ट कार्ड चालत नाही.

पण मोगरा, तुम्हा दोघांचं काय? एच-१बी (नोकरीच्या व्हिसावर) असाल तर पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का चालू आहे का?

मोगरा_ह्यूस्टन:
नवऱ्याचा चालू आहे. माझा एप्रिलमध्ये संपतोय. आय-७९७, म्हणजे एच-१बी मंजुरीचं पत्र, मात्र पुढच्या दोन वर्षांचं आहे. तेवढं पुरेल का?

काठावरची_अक्का:
नाही, नुसत्या आय-७९७ वर मेक्सिको आत घेत नाही. विमान कंपनी ह्यूस्टनलाच थांबवेल. कॅनडा, यूके, जपान किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा चालू व्हिसा असेल तर त्यावर जाता येतं. नसेल तर ह्यूस्टनच्या मेक्सिकन वकिलातीतून व्हिसा काढावा लागेल. अपॉइंटमेंट आत्ताच शोधायला लागा, विमानाची तिकिटं त्यानंतर घ्या.

परत येताना शिक्का संपलेला असला तरी तीस दिवसांच्या आत मेक्सिकोहून परतणाऱ्याला चालू आय-९४ आणि आय-७९७ वर येता येतं, मात्र तिथे असताना अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज करायचा नाही. कान्कुनच्या काउंटरवर सगळ्यांना हा नियम माहीत असतोच असं नाही, म्हणून सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा तपासणी खात्याच्या) संकेतस्थळावरचं ते पान छापून पासपोर्टमध्ये ठेवा. तुमच्या वकिलांना एकदा विचारून घ्या.

मोगरा_ह्यूस्टन:
अक्का, तुम्ही विचारलंत म्हणून हे वेळेत कळलं, खरंच खूप आभार. दुसरा कुठलाच व्हिसा नाही माझ्याकडे, तेव्हा वकिलातीची तारीख आज रात्रीच बघते. तारीख मिळाली की इथेच लिहीन, म्हणजे पुढे कोणाला लागली तर त्यांनाही माहिती मिळेल.