ताम्हण की कारवी?

ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प. त्यावर चर्चेत एकाने लिहिलंय, 'ताम्हण हे झाड, सह्याद्रीचं अस्सल झुडूप म्हणजे कारवी, राज्यपुष्पाचा मान तिलाच हवा होता' हे म्हणणं मनाला पटतं, पण व्यवहारात कठीण. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ला फुलली, मग थेट २०२४ला. मधल्या वर्षांत लोकांना काय दाखवणार, खरखरीत पानं? ताम्हण बिचारं दरवर्षी महाराष्ट्र दिनाच्या आसपास न चुकता जांभळं होतं आणि चुरगळलेल्या पाकळ्या पार्क केलेल्या गाड्यांवर सांडतं. मुंबईकराला तेवढं पुरे.

पण या चर्चेत सगळे कारवीच्या फुलांच्या फोटोंवरच अडलेत, म्हणून थोडी भर. तिची खरी किंमत काठीत आहे. सरळ काठ्या उभ्या लावून, आडव्या पट्ट्यांना बांधून, वर शेणमाती लिंपली की कुडाची भिंत तयार. उद्यानातल्या वारली पाड्यांवर अशी घरं मी पाहिली आहेत. लिंपण पडलं असेल तिथे आतल्या बोटभर जाड काठ्या दिसतात. (घसरड्या उतारावर ट्रेकवाल्यांचा आधारही तीच, हे निराळं.) शिवाय फुलून झालं की झुडूप मरतं. वाळलेली बोंडं तशीच लटकून राहतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर ओल लागली की तट्‌तट् फुटून बी लांब उडवतात. पहिल्या सरींनंतर उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या बाजूला हा आवाज ऐकू येतो. तेव्हा २०२४चा फुलोरा हुकलेल्यांनी आता २०३२ची वाट बघावी.