मालकानं पाठ फिरवली की ड्रेसिंग रूम प्रशिक्षकाचं ऐकत नाही

कोपरकिक: मालक अब्रामोविच यांच्या काळात (२००३ ते २०२२) चेल्सी या इंग्लिश फुटबॉल क्लबनं करंडक भरपूर जिंकले, पण प्रशिक्षकाचा वचक मालकानंच संपवला, असं माझं ठाम मत आहे. २०११ मध्ये पोर्तो या पोर्तुगीज क्लबला सुमारे दीड कोटी युरो मोजून ३३ वर्षांच्या विलास-बोआसला प्रशिक्षक म्हणून आणलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये (युरोपातली अव्वल क्लब स्पर्धा) इटलीच्या नेपोलीविरुद्ध त्यानं लॅम्पार्ड, अ‍ॅशली कोल आणि एसियन या ज्येष्ठ खेळाडूंना बाकावर बसवलं. चेल्सी ३-१ हरली आणि दोन आठवड्यांच्या आत त्याचीच हकालपट्टी झाली. खेळाडूंनी यातून काय घ्यायचं? कोच पटत नसेल तर थोडी कळ काढा, तो जाईल.

निळा बावटा: साफ असहमत. पुढचंही सांगा ना! त्याच्या जागी दी मातेओ आला, त्याच ज्येष्ठ खेळाडूंनी परतीच्या सामन्यात नेपोलीला ४-१ नं लोळवलं. ड्रोग्बा, टेरी, लॅम्पार्ड, इवानोविच, चौघांचे गोल. मे महिन्यात म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगही जिंकली. आणि विलास-बोआस तर जाहीर बोलला होता की खेळाडूंचा पाठिंबा नसला तरी चालेल, मालकाचा असला की झालं. असं बोलणाऱ्यासाठी कोण जिवाचं रान करेल? तिथे मालक काय करणार?

कोपरकिक: त्याला तसं बोलावं लागलं, कारण क्लबात खरी सत्ता कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्युनिकचा करंडक जिंकून देणाऱ्या दी मातेओलाही नोव्हेंबरमध्येच घरी पाठवलं. २०१५ मध्ये तेव्हाचा प्रशिक्षक मौरिन्यो यानं मेमध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, डिसेंबरात संघ १६व्या क्रमांकावर. लेस्टरकडून हरल्यावर ‘माझ्या कामाशी दगा झाला’ अशी भावना त्यानं बोलून दाखवली आणि तीन दिवसांत तो बाहेर.

साइडलाइन: मौरिन्योचं खापर मालकावर नको. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात, स्वानसीविरुद्ध, आझारवर उपचार करायला धावलेल्या डॉक्टर एवा कार्नेरोंवर तो सगळ्यांदेखत बरसला. संघातल्या माणसाला असं वागवल्यावर मान कसा राहील? मालक लांब असला की काय होतं ते नंतरचा प्रशिक्षक तुखेल यानं दाखवलं. २०२१ ची चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर मैदानातच तो अब्रामोविचना पहिल्यांदा भेटला.

निळा बावटा: आणि त्याच्या आधी, जानेवारीत, तोवर प्रशिक्षक झालेल्या लॅम्पार्डला काढून तुखेलला आणलं कोणी? मालकानंच!

कोपरकिक: नेमणं-काढणं हा मालकाचा हक्कच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण प्रशिक्षक खुर्चीवर आहे तोवर संघ तोच निवडणार, बाकावर बसलेल्यांनी कितीही नाकं मुरडली तरी, हे मालकानं खेळाडूंना तोंडावर सांगायला हवं. विलास-बोआसच्या मागे तेवढं तरी उभं राहायला हवं होतं.