सेहांदो: हिवाळ्याच्या चित्रात बर्फच नाही?

रिकामटेकडी:
कोरियाच्या किम जोंग-हीचं सेहांदो हे चित्र ऑनलाइन बघितलं, १८४४ चं. नाव हिवाळ्याचं आणि चित्रात काय, तर एक रिकामं घर, चार झाडं, बाकी सगळा कागद कोरा. बर्फाचा पत्ता नाही, माणूस नाही. खरं सांगू, घर तर शाळकरी पोराने काढल्यासारखं वाटतंय. लोक एवढं डोक्यावर का घेतात? एकटेपणा दाखवलाय म्हणून?

शाईचा डाग:
शाईच्या चित्रांत बर्फाला सहसा पांढरा रंग लावत नाहीत, कागद तसाच सोडायचा आणि मागचं आभाळ पातळ शाईने काळवंडायचं, बर्फ आपोआप उठतो. किमने तेवढंही केलेलं नाही. ब्रश जवळजवळ कोरडा, शाई कागदावर खरवडल्यासारखी. झूम करून बुंधे बघा, सगळी थंडी तिथेय.

ओसाडगावकर:
एकटेपणा आहे हो, पण अर्धाच. किम १८४० पासून जेजू बेटावर हद्दपारीत होता. त्याचा शिष्य यी सांग-जोक दुभाषा, त्याच्या बीजिंगच्या वाऱ्या व्हायच्या, तिथून दुर्मिळ पुस्तकं आणून तो या पदावरून उतरलेल्या गुरूला पाठवायचा, ज्याच्याकडून आता दमडीचा फायदा नव्हता. त्याचे आभार म्हणून हे चित्र. शेजारी किमनेच लिहिलंय, कन्फ्युशियसचा दाखला देऊन, की कडाका पडला की मगच कळतं पाइन आणि सायप्रस शेवटपर्यंत हिरवे राहतात ते. झाडं बघताना तो शिष्य आठवायचा. हिवाळा इथे माणूस पारखायला आलाय.

रिकामटेकडी:
अच्छा!! मग त्या शिष्याने चित्राचं काय केलं?

ओसाडगावकर:
बीजिंगला नेलं की. तिथल्या १६ विद्वानांनी अभिप्राय लिहिले, पुढे आणखी जोडले गेले आणि ७० सेंमीच्या आसपासच्या चित्राची गुंडाळी १४ मीटरच्या वर गेली :)

शाईचा डाग:
फक्त सगळीच हिवाळी चित्रं अशी वाचायला जाऊ नका. जपानच्या सेश्शूचं हिवाळ्याचं चित्र घ्या, १५ व्या शतकातलं, टोकियो नॅशनल म्युझियममधलं. कड्याची एक उभी काळी रेष सरळ आभाळात घुसते, खाली एक माणूस निमूट वाट चढतोय. तिथे निष्ठाबिष्ठा काही सापडत नाही, नुसतं दचकायला होतं आणि मला तेच जास्त आवडतं.

ओसाडगावकर:
ते मान्य. बाय द वे, सेहांदो २०२० पासून सोलच्या नॅशनल म्युझियमचं आहे, मालकाने दान दिलं. कुणी जाणार असाल तर सध्या लावलंय का ते आधी बघा, जुना कागद आहे, कायम बाहेर ठेवत नाहीत.