'टीपीएम सापडला नाही' म्हणून नवा पीसी नको

आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर असूनही विंडोज ११ 'टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी पीसीतली सोय) नाही' म्हणतंय, तर नवा पीसी घ्यावा का, या प्रश्नावर: अजिबात घाई करू नका. टीपीएम बहुधा आहे, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद आहे. तिथे इंटेलच्या बोर्डावर 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' या नावाने ते शोधून चालू करा.

खरा घोळ विंडोज ११च्या दुसऱ्या अटीपाशी, सिक्युअर बूटपाशी (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) होतो. त्यासाठी बायोसमधलं सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करणारी सोय) बंद करावं लागतं; पण डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असताना ते बंद केलंत, तर आहे ते विंडोज १०सुद्धा सुरू होणार नाही. म्हणून आधी बॅकअप, मग विंडोजमधल्याच 'एमबीआर-टू-जीपीटी' कमांडने डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदला, आणि त्यानंतरच बायोसमध्ये यूईएफआय ही पीसी सुरू करण्याची नवी पद्धत निवडा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. या बदलांनंतर ती विचारली जाऊ शकते.

रॅम कागदोपत्री ४ जीबी पुरते, पण ८ हवीच. आणि फिरत्या हार्ड डिस्कवर ११ टाकू नका, आधी एसएसडी. प्रिंटर किंवा टॅली अडलं तर १० दिवसांत मागे फिरता येतं, तोवर जुनं विंडोज ज्यात असतं तो 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर पुसू नका.