सहाराच्या काठची गावं, ओअ‍ॅसिस आणि रोमन अवशेष: उत्तर आफ्रिका फिरलेल्यांनो, अनुभव लिहा

इजिप्त म्हटलं की पिरॅमिड आणि नाईल क्रूझ, मोरोक्को म्हटलं की माराकेश आणि वाळवंटातल्या तंबूत एक रात्र, आपल्याकडची गाडी बहुतेक इथेच थांबते. ट्युनिशिया-अल्जेरियाचं तर नावही क्वचितच निघतं. पण आपल्यातली बरीच मंडळी सहाराच्या उत्तर काठावरच्या गावांमध्ये जाऊन, राहून आलीयेत हे गप्पांमधून कळत होतं, म्हणून हा धागा काढतोय. काय बघितलं, कुणाकडे जेवलात, गावाला पाणी कुठून येतं ते कुणी दाखवलं का, सगळं लिहा, फोटो नसले तरी चालेल. सुरुवात मी करतो.

मी दक्षिण ट्युनिशिया फिरलो, ते सगळं लुआज नावाच्या शेअर गाडीने. आठ सीट भरल्या की गाडी सुटते, वेळापत्रक नाही, लाल पट्टा असेल तर लांबच्या शहराला जाणारी आणि निळा पट्टा असेल तर त्याच भागातली. स्टँडवर जायचं, गावाचं नाव घ्यायचं, कुणीतरी हात धरून बरोबर गाडीपाशी नेऊन बसवतं.

मटमाटा बऱ्याच जणांना स्टार वॉर्समुळे माहीत असतं, तिथलं सिदी ड्रिस हॉटेल 1977 च्या सिनेमात नायक ल्यूकचं घर म्हणून दाखवलंय. पण खरी बघायची ती माणसं राहतात ती घरं. मऊ मातीत सरळ खाली मोठा गोल खड्डा खणायचा, तो खड्डा म्हणजे अंगण, आणि अंगणाच्या भिंतींत आडव्या खोल्या कोरायच्या. वरून चालत गेलात तर अगदी काठाशी येईपर्यंत खाली घर आहे हे कळतही नाही. एका आजींनी आत बोलावलं, दारावर निळ्या रंगात मासा आणि हाताचा पंजा काढलेला, दोन्ही दृष्ट लागू नये म्हणून. बाहेर डोकं फुटेल असं ऊन आणि आत पंखा नसताना गार. त्यांनी गरम ताबुना (मातीच्या भट्टीत भाजलेली) भाकरी, ऑलिव्हचं तेल आणि मध पुढे ठेवला, जाताना मी पैसे ठेवले ते त्यांनी न मोजता बाजूला सरकवले आणि अजून एक भाकरी कागदात गुंडाळून दिली. या घरांवर पर्यटकांचं येणंजाणं आहे, बऱ्याच कुटुंबांचं पोट त्यावर चालतं, त्यामुळे नुसते फोटो काढून निघू नका, बसा, चहा घ्या, काहीतरी ठेवून या.

ततावीनच्या बाजूला क्सार उलेद सुलतान बघाच. हे राहण्याचं ठिकाण नाही, गावाचं धान्याचं कोठार आहे. घोर्फा म्हणजे कमानीच्या छताची खोली, एकीवर एक अशा चार मजल्यांपर्यंत रचलेल्या, प्रत्येक कुटुंबाची आपली. वर जायला बाहेरच्या भिंतीतून निघालेल्या अरुंद पायऱ्या, कठडा नाही. दारं खजुराच्या लाकडाची. जमात गुरांमागे फिरायची आणि गहू, बार्ली, तेल इथे कुलपात राहायचं.

आणि शेबिका, तामेर्झा, मिदेस ही अल्जेरियाच्या सीमेजवळची डोंगरातली ओअ‍ॅसिस. जुनी गावं ओस पडलीत, दगडमातीच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. मला वाटत होतं पाणी आटलं म्हणून लोक गेले असतील. तर नाही, 1969 मध्ये सलग 22 दिवस पाऊस पडला आणि मातीची घरं विरघळून गेली! मग लोकांनी शेजारीच नवीन गावं वसवली. झरा मात्र अजून तसाच वाहतोय, शेबिकाला खडकाच्या फटीतून पाणी येतं तिथे बराच वेळ पाय सोडून बसलो होतो.

* * *

तामेर्झाचं वाचून सीवा आठवलं. ओअ‍ॅसिसमधलं हे गाव इजिप्तच्या पश्चिम टोकाला, लिबियाची सीमा जेमतेम 50 किमी, मर्सा मत्रूहवरून दक्षिणेला साधारण 300 किमी वाळवंटातून रस्ता. तिथला शाली नावाचा जुना किल्लेवजा गाव पण पावसानेच पाडला, 1926 साली तीन दिवस पाऊस झाला आणि घरं बसली. कारण तिथली भिंत कर्शेफची असते, म्हणजे खाऱ्या तळ्यातल्या मिठाचे खडे आणि चिखल एकत्र. जवळ जाऊन बघितलं तर भिंतीत मिठाचे स्फटिक स्पष्ट दिसतात, बोट लावून चाटलं तर खारट लागतं (चाटलं मी). कोरड्या हवेत दगडासारखी टिकते, पाण्यात मीठ विरघळलं की संपलं. आता युरोपियन युनियनच्या मदतीने शालीचा काही भाग परत बांधलाय, 2020 मध्ये खुला झाला, वर चढून गेलं की खाली खजूर आणि ऑलिव्हचं अख्खं जंगल दिसतं.

गावात फिरायला सायकल भाड्याने घ्या नाहीतर तीनचाकी. इजिप्तमध्ये बजाजच्या रिक्षा सगळीकडे आहेत, ड्रायव्हरला मी पुण्याचा, बजाजच्या गावचा असं सांगितल्यावर त्याला इतका आनंद झाला की अमून या जुन्या इजिप्शियन देवाच्या देवळापर्यंत त्याने पैसेच घेतले नाहीत. हे देऊळ म्हणजे जिथे इसपू 331 मध्ये अलेक्झांडर भविष्य विचारायला आला होता ते. फार मोठं नाही, पण त्या काळी एवढं वाळवंट तुडवून माणूस इथवर आला हे तिथे उभं राहिल्यावर अंगावर येतं.

सीवाची माणसं अरबी बोलतात पण घरात सीवी, ती अमाझिग (बर्बर) कुळातली भाषा. बायका बाहेर कमी दिसतात, दिसल्या तर पूर्ण चादरीत, त्यांचे फोटो काढू नका. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. सीवाचा प्रश्न पाणी कमी असण्याचा नाही, जास्त असण्याचा आहे. विहिरी बेसुमार खोदल्या, शेतातून निघालेलं पाणी जाणार कुठे, हा सगळा भाग समुद्रसपाटीच्या खाली, ते खोलगटात साचतं आणि खारी तळी वाढत जातात, मुळाशी मीठ चढून खजूर मरतात. ज्या निळ्याशार मिठाच्या खड्ड्यांमध्ये आपण तरंगून फोटो काढतो त्याच्या पलीकडेच वाळलेली झाडं उभी आहेत, तीही बघून या.

* * *

मी मोरोक्कोचं लिहिते. आम्ही दोघी बहिणी आणि आई गेलो होतो, आई सत्तरीची. ऐत बेनहद्दू हे मातीच्या तटबंदीचं जुनं गाव सगळ्यांना माहीतच असेल, 1987 पासून युनेस्कोच्या यादीत, मातीचे उंच बुरुज, पूर्वी माराकेशकडे जाणारे तांडे इथून जायचे. आता आत मोजकीच कुटुंबं राहतात, बाकीचे नदीपलीकडच्या नव्या गावात. सप्टेंबर 2023 च्या भूकंपाने इथेही पडझड झाली. एका घराच्या गच्चीवर माणूस ओली माती आणि पेंढा पायाने तुडवत होता, आई थांबली आणि तिच्या लहानपणी घर सारवायला असाच गारा करायचे म्हणाली, मग दोघांची खुणांनीच बराच वेळ चर्चा चालली, पेंढा किती, माती कुठली. आम्ही बाजूला उभ्या.

पण मला लिहायचंय ते खेत्ताराबद्दल. मोरोक्कोच्या आग्नेयेकडच्या तफिलाल्त भागात, एर्फूद आणि जोर्फच्या आसपास, सपाट जमिनीवर ओळीने मातीचे उंचवटे लागतात. प्रत्येक उंचवट्याच्या मध्ये खाली जाणारी विहीर, आणि त्या सगळ्या विहिरींना जोडणारा जमिनीखालचा बोगदा. डोंगराच्या पायथ्याचं भूजल हलक्या उतारावरून नुसत्या गुरुत्वाकर्षणाने किलोमीटरच्या किलोमीटर चालत शेतात येतं, पंप नाही, काही नाही, आणि वर ऊन लागत नसल्याने वाफ होऊन जात नाही. मी संभाजीनगरची. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्या गावाला जमिनीखालून पाणी आणलं ती नहर-ए-अंबरी याच तत्त्वावर आहे, मध्ये मध्ये तशाच विहिरी! तिथल्या म्हाताऱ्या माणसाने टॉर्च घेऊन आम्हाला खाली बोगद्यात नेलं, आत कोरडं होतं. डिझेलचे आणि आता सोलरचे पंप आले, भूजल खाली गेलं, बऱ्याच खेत्तारा सुकल्या. तो सांगत होता की दरवर्षी सगळं गाव मिळून आत उतरून गाळ काढायचं, ज्याचा पाण्यात जेवढा वाटा तेवढे दिवस त्याने काम करायचं. मला आमची नहर आठवून फार वाईट वाटलं, आपण तर तिचा गाळ काढणंही सोडून दिलंय.

रिसानीच्या बाजारात गाढवांचं पार्किंग आहे, आईला ते प्रचंड आवडलं.

* * *

नहरीचा उल्लेख वाचून राहवलं नाही. आम्ही धुळ्याचे, पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत (बंधाऱ्याचं पाणी गावाने पाळीपाळीने वाटून घ्यायचं) पाटकरी पाणी वाटायचा ते आजोबांकडून ऐकलेलं. ट्युनिशियात तोझरला गेलो तेव्हा तिथल्या खजुराच्या बागेतही तेच. तेराव्या शतकात इब्न शब्बात नावाच्या विद्वानाने झऱ्यांच्या पाण्याची वाटणी बसवून दिली, कुणाला किती वेळ पाणी हे बुडाला भोक असलेल्या मडक्याने मोजायचे, मडकं रिकामं झालं की पाळी संपली. आता बोअरचं पाणी आहे, तरी पाळ्या आहेतच.

बागेत उभं राहून वर बघायचं. सगळ्यात वर खजूर, त्याच्या सावलीत डाळिंब, अंजीर, जर्दाळू, आणि त्यांच्या सावलीत जमिनीवर भाजी आणि गुरांसाठी लसूणघास. बाहेर आणि आत तापमानात केवढा फरक पडतो ते कातडीला कळतं. शेतकऱ्याने सकाळी लाग्मी प्यायला दिलं, ही खजुराची नीरा, दुपारपर्यंत आंबते म्हणून लगेच प्या म्हणाला. देग्लेत नूर खजूर तिथला, उजेडासमोर धरला तर आतली बी दिसते.

तोझरहून केबिलीला जाताना शोत एल जेरीद लागतं, मिठाचं अवाढव्य मैदान, त्यातून बांध घालून रस्ता काढलाय. दोन्ही बाजूच्या चरांमध्ये पाणी कुठे गुलाबी, कुठे हिरवट. दुपारी क्षितिजावर पाणी आणि झाडं दिसतात, तिथे काहीच नसतं.

* * *

कामानिमित्त अल्जेरियात होतो, बांधकाम साईटवर. शुक्रवार-शनिवार सुट्टी जोडून मझाब खोरं बघितलं आणि आर्किटेक्चर शिकणाऱ्या प्रत्येकाला तिथे न्यावं असं वाटलं. घर्दाया, बेनी इस्गेन, मेलिका, बू नूरा, एल अत्तेफ अशी पाच गावं, अकराव्या ते चौदाव्या शतकात वसवलेली, इस्लाममधल्या इबादी पंथाच्या लोकांची. प्रत्येक गाव टेकडीवर, माथ्यावर मशीद, तिचा मिनार टेहळणीलाही कामाचा, आणि तिथून घरं गोल गोल खाली उतरत येतात. श्रीमंताचं घर बाहेरून ओळखू येत नाही, दिखावा करायचा नाही हा नियमच, आणि कुणाच्या भिंतीने शेजाऱ्याचं ऊन अडवायचं नाही. चंदीगडचा आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए इथे येऊन भारावून गेला होता, ते अगदी पटतं. बेनी इस्गेनमध्ये स्थानिक गाईडशिवाय आत सोडत नाहीत आणि माणसांचे फोटो बंद, ते मनापासून पाळा, त्यांचं घर आहे ते. संध्याकाळी चौकात लिलावाचा बाजार भरतो, लोक कडेला बसलेले, विकणारा गालिचा खांद्यावर टाकून भाव पुकारत फिरतो.

त्यांच्या बागेतली पाण्याची सोय बघून इंजिनियर म्हणून मी थक्क झालो. नदी वर्षानुवर्षं कोरडी, पण कधीतरी पूर येतो तेव्हा ते पाणी चरांतून बागांत वळवायचं, आणि प्रत्येक बागेच्या तोंडाशी दगडी फट, तिची रुंदी बागेतल्या झाडांप्रमाणे ठरलेली. भांडणाला जागाच ठेवलेली नाही.

बात्नाजवळचं तिमगाद पण करा. रोमन सम्राट ट्रेजनने इस 100 मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं शहर, पट्टीने आखल्यासारखे काटकोनात रस्ते, फरशीत रथांच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या. फोरममध्ये म्हणजे शहराच्या मुख्य चौकात दगडावर कोरलंय: शिकार करावी, स्नान करावं, खेळावं, हसावं, हेच जगणं. शहरात सार्वजनिक ग्रंथालय होतं. मी गेलो तेव्हा अख्ख्या शहरात मी आणि एक मेंढपाळ.

* * *

अवशेषांवर थोडी भर घालते. एल जेमला ट्यूनिसहून ट्रेनने जाता येतं, स्टेशनवरून चालत पाच मिनिटं आणि गल्लीच्या टोकाला एकदम ते अवाढव्य अ‍ॅम्फीथिएटर. तिसऱ्या शतकातलं, साधारण 35,000 माणसं बसतील एवढं, आणि सगळा पैसा ऑलिव्हच्या तेलाचा! खाली तळघरात जनावरं ठेवायच्या कोठड्या आहेत, तिथवर उतरता येतं.

ट्युनिशियातलंच दुग्गा माझं सगळ्यात आवडतं. डोंगरउतारावर गहू आणि ऑलिव्हच्या मधे अख्खं शहर. तिथल्या नुमिडियन (रोमनांच्या आधीच्या स्थानिक राज्यातल्या) मनोऱ्यावर प्युनिक म्हणजे कार्थेजची आणि लिबिक म्हणजे जुनी अमाझिग अशा दोन लिप्यांत लेख होता, त्यावरून लिबिक लिपी वाचता आली. 1842 मध्ये ब्रिटिश कॉन्सलने तो लेख काढून नेण्यासाठी मनोराच पाडला, लेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि मनोरा नंतर परत उभा केलेला. तिथे उभं राहून संताप येतो, अजूनही येतोय.

ट्युनिशियातच बुल्ला रेजियाला उन्हाळ्यासाठी जमिनीखाली बांधलेली रोमन घरं आहेत. रखवालदाराने बाटलीतलं पाणी मोझेकवर शिंपडलं आणि धुळीखालून माशांचे लाल-हिरवे खवले उजळले.

* * *

शाकाहारी लोकांसाठी: ट्युनिशियात ट्यूना सगळ्यात घालतात, सॅलडमध्ये, ब्रिकमध्ये (सारण भरून तळलेली पातळ पारी), लबलाबीत सुद्धा, त्यामुळे ऑर्डर देतानाच "सां व्यांद, सां पुआसों" म्हणजे मांस नको, मासे नको असं सांगा. लबलाबी म्हणजे शिळ्या पावावर छोल्यांचं पातळ, जिरं आणि हरीसा (लाल मिरचीची चटणी), सकाळी गरम खा. कुसकुस (गव्हाच्या रव्याचे वाफवलेले दाणे) भाज्यांचा मागितला तरी रस्सा बहुतेक मटणाचा असतो, विचारून घ्या. मोरोक्कोत सोपं आहे, मातीच्या भांड्यात शिजवलेलं भाज्यांचं ताजिन, बिसारा (फावा बीन्सचं दाट सूप), आणि झालूक म्हणजे वांग्याचं भरीत, भाकरीसोबत.

* * *

धागाकर्ता परत. किती सुंदर लिहिताय सगळे. सीझनचं विचारलं गेलंय म्हणून: जून ते ऑगस्ट वाळवंटाकडे जाऊच नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खजुराची तोडणी चालते, बागा तेव्हाच बघाव्यात. दक्षिण ट्युनिशियातल्या दूझला गुरुवारी बाजार असतो आणि सहारा फेस्टिव्हल बहुतेक डिसेंबरच्या शेवटी. थंडीत दिवसा टी-शर्ट आणि रात्री जाकीट, दोन्ही न्या. ट्युनिशियन दिनार देशाबाहेर नेता येत नाही, लागेल तेवढेच बदला आणि पावत्या जपून ठेवा. लिबियातल्या घदामेस या वाळवंटातल्या जुन्या गावाला किंवा लेप्टिस माग्ना या रोमन शहराच्या अवशेषांना कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज लिहा, त्याबद्दल मराठीत मला काहीच सापडलेलं नाही.