मदत हवी आहे: पोटातल्या गाठी पाणथरीच्याच (प्लीहा, इंग्रजीत स्प्लीन) आहेत का, हे सुई न घालता कसं कळेल?

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या काकांचा आहे. वय ६१, सांगलीजवळ शेती. तरुणपणी ट्रॅक्टरवरून पडले, पाणथरी फुटली, काढावी लागली. आता पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली तर पोटभर छोट्या गाठी निघाल्या. सीटीच्या रिपोर्टात 'पेरिटोनिअल डिपॉझिट्स (म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणावरच्या गाठी), कॅन्सर नाकारता येत नाही' असं वाचून घरात रडारड. काका मात्र ठणठणीत, ऊसतोडीच्या टोळीमागे हिंडतायत.

सर्जन बायॉप्सी करू म्हणतात, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायचा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी जुना व्रण बघून वेगळीच शंका काढली: स्प्लेनोसिस. फुटलेल्या पाणथरीचे तुकडे पोटात सांडतात, आतल्या आवरणावर रुजतात आणि हळूहळू वाढतात. या गाठींत रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे सुईने रक्तस्राव व्हायची भीती. आणि त्रास नसेल तर उपचारही लागत नाहीत म्हणे!

त्यांनी सुचवलेला स्कॅन असा: काकांचंच रक्त काढून तांबड्या पेशींना टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य जोडायचं, पेशी तापवून मुद्दाम खराब करायच्या आणि परत शिरेतून सोडायच्या. खराब पेशी गाळणं हे पाणथरीचं काम, म्हणून तिची पेशीजालं असतील तिथे स्कॅन उजळतो.

हा स्कॅन पुण्या-मुंबईत कुणी करून घेतलाय का? जवळ सल्फर कोलॉइडचा (पेशींऐवजी टेक्नेशियम लावलेले बारीक कण सोडून केलेला स्कॅन) होतो, तो पुरेल? दोन गाठी यकृताला खेटून आहेत. की सरळ पेट (PET, कॅन्सर शोधायला वापरतात तो) स्कॅन करावा?

प्रतिसाद:
दादा, मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये आहे. सल्फर कोलॉइड यकृतही भरपूर ओढतं, त्या दोन गाठी झाकल्या जातील. तापवलेल्या पेशींचाच करा, आणि स्पेक्ट-सीटीसकट (न्यूक्लिअर स्कॅनची त्रिमितीय चित्रं सीटीवर बसवून बघतात ते). सीटीतली एकेक गाठ स्कॅनशी जुळवून घ्यायला सांगा. एखादी उजळली नाही तर तिचा विचार वेगळा. साध्या पेटने पाणथरी ओळखता येत नाही. त्याआधी रक्ताचा स्मिअर (काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) बघा, स्वस्त आहे: पाणथरी काढलेल्या माणसात हॉवेल-जॉली बॉडीज (तांबड्या पेशींत उरलेले केंद्रकाचे ठिपके, जे एरवी पाणथरी काढून टाकते) दिसायला हव्यात. नसतील तर कुठेतरी पाणथरी काम करतेय. पण त्या भरवशावर न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या जंतूवरची) लस टाळू नका, पाणथरी नसलेल्यांना ती लागते. झाली आहे का?

धागाकर्ता:
लसीचं कुणी कधी बोललंच नाही. उद्या स्मिअरबरोबर तेही विचारतो.